वाचकांचे प्रश्न : शोधनिबंध कसा वाचावा, साधन कसं पारखावं

संशोधन करणाऱ्या आणि संशोधन वापरणाऱ्या वाचकांकडून या वेळी प्रश्न मागवले होते. रावेरपासून शहाद्यापर्यंतची पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : मी शहाद्याला एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र करते. प्रकल्पासाठी सरांनी केळीवरचे दहा पेपर वाचून यायला सांगितले आहेत. पहिल्या ओळीपासून वाचायला घेते आणि दुसऱ्या पानावर अडकते. पेपरमध्ये कुठे काय असतं? आधी काय वाचू?

पेपर सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ वाचायची गरज नसते. पहिल्या वाचनात तर तसं वाचूच नका. तुम्ही अडकता ती जागा बहुधा प्रस्तावना आहे. लेखकांनी तिथे आधीच्या वीस-तीस अभ्यासांचे दाखले एकाला एक लागून दिलेले असतात आणि त्यातले बहुतेक अभ्यास नवख्या वाचकाला माहीत नसतात. म्हणून क्रम बदला. शीर्षक आणि गोषवारा वाचा, मग थेट तक्ते आणि आलेख बघा. त्यानंतर पद्धती, निकाल आणि चर्चा वाचा. प्रस्तावना शेवटी ठेवा.

शीर्षकाखाली लेखकांची नावं आणि संस्था असतात. एका नावावर तारका किंवा पाकिटाचं चिन्ह असतं. पत्रव्यवहार त्या लेखकाशी करायचा असतो, शंका विचारायची तर त्यांनाच. जवळपास लेख मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख छापलेली असते. ती नोंदवून ठेवा, पुढे एका उत्तरात तिचा उपयोग आहे.

गोषवारा साधारण १५० ते ३०० शब्दांचा असतो. प्रश्न काय होता, काय केलं, काय आढळलं हे त्यात कळतं, पण त्यावर थांबू नका. लेखकाला आवडलेला निकाल गोषवाऱ्यात ठळक येतो आणि न जमलेला निकाल फक्त तक्त्यात राहतो. म्हणून गोषवाऱ्यानंतर लगेच तक्ते बघायचे. गोषवाऱ्यातला प्रत्येक आकडा तक्त्यात सापडतो का, तो शोधून खूण करा. सापडला नाही तर तो पेपर जपून वापरायचा.

आता ‘साहित्य आणि पद्धती’. विद्यार्थी हाच भाग सर्वांत आधी गाळतात आणि पेपरची खरी किंमत इथेच ठरते. हे वर्णन वाचून दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग पुन्हा करता येईल का, एवढं विचारत वाचा. केळीच्या प्रयोगात वाण कोणता (उदाहरणार्थ ग्रँड नैन), रोपं उतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) की कंद, जमीन कशी, पाणी ठिबकने की पाटाने, लागवडीचं अंतर किती, हे सगळं असायला हवं. अंतर दीड बाय दीड मीटर असेल तर हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडं बसतात. १.८ बाय १.५ मीटर असेल तर सुमारे ३,७०३. झाडांची संख्या न सांगता हेक्टरी टन सांगणाऱ्या दोन पेपरांची तुलनाच होऊ शकत नाही. लागवडीचा महिनाही बघा. मृगबाग जून-जुलैची, कांदेबाग ऑक्टोबरच्या सुमाराची आणि तिची कोवळी रोपं थंडीत सापडतात. मृगबागेवर घेतलेला निकाल कांदेबागेला जसाच्या तसा लावता येत नाही. पेपरमध्ये हंगामच दिला नसेल तर तुमच्या वहीत ‘हंगाम नाही’ असं स्पष्ट लिहा.

प्रयोगाची मांडणी आणि पुनरावृत्त्याही याच भागात असतात. यादृच्छिक गट मांडणी (शेताचे गट पाडून प्रत्येक गटात सगळे उपचार चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटायचे) हा शेतीतला नेहमीचा प्रकार आहे. ५ उपचार (म्हणजे ताडून बघायच्या पद्धती) आणि ४ पुनरावृत्त्या (प्रत्येक उपचार चार वेळा) असतील तर त्रुटीचे मुक्तांश, म्हणजे योगायोगाचा फरक मोजायला हाती असलेल्या स्वतंत्र तुलना, (५–१) × (४–१), म्हणजे १२ येतात. मुक्तांश १२ पेक्षा कमी नसावेत असा संकेत आहे. दोनच पुनरावृत्त्यांवर मोठा दावा दिसला तर थांबून विचार करा.

निकालाच्या तक्त्याखाली ‘सीडी, ५ टक्के’ अशी ओळ असते (सीडी म्हणजे क्रिटिकल डिफरन्स). दोन उपचारांतला फरक खरा मानायला किमान किती असायला हवा, तो हा आकडा. समजा नेहमीच्या पद्धतीचं उत्पादन हेक्टरी ६२ टन, नव्याचं ६५ टन आणि सीडी ४.८ आहे. फरक ३ टनांचा, म्हणजे ४.८ हून कमी. हे दोन उपचार सारखेच धरायचे, मजकुरात ‘वाढ दिसली’ असं लिहिलं असलं तरी. सीडीच्या जागी ‘एनएस’ (नॉन-सिग्निफिकंट) असेल तर त्या स्तंभात कुठलाच फरक लक्षणीय नाही. इतर विषयांत याच कामाला पी-मूल्य येतं. ०.०५ हून कमी पी-मूल्याचा अर्थ असा, की मुळात काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी होती. यावरून परिणाम मोठा आहे किंवा उपयोगाचा आहे असं ठरत नाही. शिवाय मुळात फरक नसलेल्या वीस गोष्टी तपासल्या तर सरासरी एक तरी योगायोगाने ‘लक्षणीय’ निघते. म्हणून लेखकांनी किती गोष्टी मोजल्या आणि त्यातल्या किती सांगितल्या, हे पद्धती आणि निकाल शेजारी ठेवून ताडायचं.

चर्चेत लेखक अर्थ लावतात. कृषी नियतकालिकांत ‘निकाल आणि चर्चा’ अनेकदा एकत्रच छापतात, त्यामुळे मोजलेलं आणि मानलेलं एकमेकांत मिसळतं. मोजलेल्या वाक्यांना एका रंगाने आणि ‘असावं’, ‘शक्यता आहे’ अशा वाक्यांना दुसऱ्या रंगाने अधोरेखित करा. आपल्या अभ्यासाच्या मर्यादा लेखकांनी स्वतः मांडल्या असतील तर तो परिच्छेद अवश्य वाचा. तुमच्या प्रकल्पाचा विषय कित्येकदा तिथेच सापडतो. शेवटी आर्थिक साहाय्य, हितसंबंधांचं निवेदन, संदर्भसूची आणि परिशिष्ट असतं.

दहा पेपरांसाठी वहीत एक मोठा तक्ता आखा : कोण-कुठे-कधी, प्रश्न, पद्धत, किती झाडं किंवा नमुने, मुख्य आकडा, उणीव. पहिल्या फेरीत एका पेपरला वीस मिनिटांहून जास्त देऊ नका. दहा ओळी भरल्या की पूर्ण वाचण्याजोगे दोन-तीन पेपर आपोआप कळतील. दहापैकी पाच-सहा संदर्भसूचींत एकच जुना पेपर दिसला, तर तो तुमच्या विषयाचा पाया आहे. तो मिळवाच. गूगल स्कॉलरवर ‘साइटेड बाय’ दाबलं की त्यानंतरचे अभ्यासही दिसतात.

पेपरला पैसे मागत असतील तर भरायची घाई करू नका. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी खुली झाली आहेत. तुमचं महाविद्यालय त्यात येतं का, हे ग्रंथपालांना विचारा आणि जळगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयातही चौकशी करा. तेही जमलं नाही तर तारकेच्या लेखकाला चार ओळींची ईमेल पाठवा. बरेच लेखक प्रत पाठवतात.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळी आहे. दुकानदार एका औषधाचं पत्रक देतो. त्यावर लिहिलंय, ‘संशोधनाने सिद्ध, उत्पादनात २० टक्के वाढ’. खरं कसं समजायचं? आम्ही काही शिकलेसवरले नाही.

हे ओळखायला पदवी लागत नाही, भाऊ. पत्रक हे संशोधन नव्हे. ते संशोधनाबद्दल विकणाऱ्याने केलेलं विधान आहे. दुकानदाराकडे मूळ पेपर मागा, निदान त्याचं नाव, वर्ष आणि नियतकालिक तरी लिहून घ्या. ते देता आलं नाही तर पत्रकातल्या आकड्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

पेपर मिळाला तर चार गोष्टी विचारायच्या. वाढ कशाच्या तुलनेत? शिफारशीप्रमाणे खतपाणी दिलेल्या बागेच्या, की काहीच न दिलेल्या बागेच्या? काहीच न दिलेल्या झाडापेक्षा २० टक्के वाढ कशानेही दिसते. किती ठिकाणी आणि किती हंगाम? एका शेतातला एक हंगाम पुरत नाही, त्या वर्षी पाऊस-थंडी मानवली असेल. फरक सीडीपेक्षा मोठा आहे का? हे वरच्या उत्तरात आहे, घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर त्याला दाखवा. आणि प्रयोगाचा खर्च कुणी केला? कंपनीने केला असेल तर निकाल खोटाच असं नाही, पण दुसऱ्या कुणी तोच निकाल काढलाय का, हे विचारणं भागच आहे.

तुमच्यासाठी याहून सोपा रस्ता विद्यापीठाच्या शिफारशीचा आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक दरवर्षी होते आणि संशोधनातून आलेले वाण व शिफारशी तिथे तपासून मंजूर होतात. एका सुट्या पेपरपेक्षा अशा शिफारशीवर जास्त भरवसा ठेवावा. पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर जळगावच्या केळी संशोधन केंद्रात पत्रक घेऊन जा आणि हेच विचारा : ‘याची शिफारस आहे का? कोणत्या वर्षाची?’

प्रश्न : चाळीसगाव परिसराच्या इतिहासावर आमच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. माझ्याजवळ जुनं गॅझेटियर, पाटणच्या शिलालेखाचं वाचन, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि गावातल्या एका घराण्याचं मोडी दप्तर आहे. यातलं प्राथमिक साधन कोणतं आणि दुय्यम कोणतं?

वस्तू बघून हे ठरत नाही, तुमचा प्रश्न बघून ठरतं. घटनेच्या काळात, घटनेशी संबंध असलेल्याने निर्माण केलेलं ते प्राथमिक साधन. ते वाचून नंतर कुणी लावलेला अर्थ म्हणजे दुय्यम साधन. एकच पुस्तक एका प्रश्नाला प्राथमिक आणि दुसऱ्याला दुय्यम असू शकतं.

तुमचं गॅझेटियर याचं उत्तम उदाहरण आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड १८८० चा. त्या सुमाराची पिकं, बाजार, सारा किंवा इंग्रज अधिकाऱ्यांची भिल्लांकडे बघण्याची नजर यांसाठी तो प्राथमिक आहे. यादवकाळाबद्दल त्यात जे लिहिलंय ते मात्र दुय्यम, कारण ते लिहिणाऱ्याने इतरांचं वाचून लिहिलं. स्मरणिकांत नेहमी होणारी चूक ही, की दोन्ही मजकुरांवर सारखाच विश्वास टाकला जातो. दुसरी चूक आकड्यांची. १८८० चा ‘खानदेश’ हा एक जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. नंदुरबार धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. गॅझेटियरमधली जिल्ह्याची लोकसंख्या आजच्या जळगाव जिल्ह्याच्या शेजारी ठेवली तर निघणारा निष्कर्ष चुकणारच. तालुक्यांचे आकडे घ्या आणि त्या तालुक्याची हद्द तेव्हा काय होती हेही बघा.

पाटणचा शिलालेख शके ११२८ चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याला मिळालेल्या दानाचा हा लेख. दगडावरचा मजकूर प्राथमिक. तुमच्याकडे मात्र दगड नाही, कुणीतरी केलेलं वाचन आहे. ते वाचन कुणाचं, कोणत्या वर्षी छापलं, एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांची वाचनं छापणाऱ्या मालिकेच्या पहिल्या खंडातल्या अभ्यासक कीलहॉर्नच्या वाचनाशी जुळतं का, हे लिहा. झिजलेल्या अक्षरांच्या जागी वाचणाऱ्याने चौकटी कंसात स्वतःचा तर्क घातलेला असतो. तो कंस उतरवताना गाळू नका. एकदा गाळला की तर्काचा पुरावा होतो आणि पुढचे दहा लेख तोच ‘पुरावा’ पुढे नेतात.

कात्रणांच्या बाबतीत तारीख बघा. फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाची त्याच डिसेंबरमधली बातमी प्राथमिक. हजर असलेल्या माणसाने पन्नास वर्षांनी सांगितलेली आठवणही प्राथमिकच, पण घटनेपासून लांबची. तीत भावना भरवशाची असते, तारखा आणि आकडे नव्हे. अधिवेशनावर अभ्यासकाने लिहिलेला लेख दुय्यम. कात्रणावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख नसेल तर ते साधन म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. कापणारे नेमकी तीच पट्टी कापून टाकतात.

दप्तर ही तुमच्याकडची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आधी प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कागद ज्या क्रमाने गठ्ठ्यात आहेत तोच क्रम ठेवा आणि शिसपेन्सिलीने कोपऱ्यात क्रमांक घाला. शाई आणि चिकटपट्टी अजिबात नको. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा पाडतो. मोडी वाचणारं जवळ कुणी नसेल तर धुळ्याला वि. का. राजवाडे संशोधन मंडळात विचारा. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. त्यांनी छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या खंडांकडे बघा. आतली पत्रं प्राथमिक आणि खंडाला जोडलेली राजवाड्यांची प्रस्तावना दुय्यम, एकाच बांधणीत. स्मरणिकेत दोघांचे संदर्भ वेगळे द्या. ‘राजवाडे म्हणतात’ आणि ‘पत्रात म्हटलं आहे’ यांतला फरक वाचकाला दिसलाच पाहिजे.

प्रश्न : साक्री तालुक्यात कानबाईच्या उत्सवात म्हटली जाणारी अहिराणी गाणी मी फोनवर रेकॉर्ड केली आहेत. काही जण म्हणतात, छापील पुस्तकात नसलेलं साधन प्रबंधात चालत नाही. खरं आहे का?

चालतं, आणि मराठी किंवा लोकसाहित्याच्या प्रबंधात तेच प्राथमिक साधन असतं. अडचण छापील नसण्याची नाही, नोंद अपुरी असण्याची आहे. प्रत्येक ध्वनिफितीसोबत गाव, तारीख, प्रसंग, गाणाऱ्या बाईंचं वय, माहेरचं गाव आणि गाणं कुणाकडून शिकल्या हे लिहा. माहेरचं गाव महत्त्वाचं, कारण गाणी सासरी जाताना बरोबर जातात. साक्रीत मिळालेलं गाणं मुळात बागलाणातलं किंवा शिंदखेड्याकडचं असू शकतं. रेकॉर्डिंगला आणि नाव छापायला संमती घ्या. ती बोलून दिलेली असली तरी चालेल, पण ध्वनिफितीतच ऐकू यायला हवी.

गाणं उतरवताना तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा : ऐकलं तसं अहिराणी, शब्दशः अर्थ, मग तुमचं विवेचन. उतरवतानाच प्रमाण मराठीकडे ओढण्याची सवय वाईट आहे. ‘मना’चं ‘माझा’ केलं की भाषेचा पुरावा गेला. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशीचे, म्हणजे अहिराणीचे, नमुने आहेत. ते नमुने प्राथमिक साधन, भाषेच्या वर्गीकरणाबद्दलचं त्यांचं मत वेगळं तपासायचं. मात्र त्यातला ठरलेला नमुना बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या कथेचं भाषांतर आहे. सहज बोलीशी त्याची तुलना करताना हे लक्षात असू द्या.

मूळ फाइल फोनमध्येच ठेवू नका. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा आणि फाइलला तारीख-गाव-क्रमांक असं नाव द्या.

प्रश्न : ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकांच्या ईमेल येतात. आयएसएसएन आहे, सात दिवसांत छापतो, फी भरा, असं म्हणतात. छापावं का?

नको. आयएसएसएन हा आठ अंकी ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. दोन तज्ज्ञांनी लेख वाचायचा, हरकती काढायच्या, तुम्ही दुरुस्त करायचं, याला आठवडे नाहीतर महिने लागतात. सुरुवातीला नोंदवायला सांगितलेल्या दोन तारखा इथे कामी येतात. त्या नियतकालिकातले पाच लेख उघडा. मिळाल्याची आणि स्वीकारल्याची तारीख तीन-चार दिवसांच्या अंतराने असेल तर परीक्षण झालेलंच नाही. संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा. बनावट नियतकालिकं लोकांची नावं न विचारता छापतात.

‘यूजीसी केअर यादीत (मान्य नियतकालिकांच्या यादीत) आहोत’ असं कुणी सांगितलं तर ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आहे, हे लक्षात ठेवा. पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे ही सक्तीही आयोगाच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. तरी तुमच्या विद्यापीठाचा नियम एकदा विचारून घ्या आणि घाबरून फी भरू नका.

प्रश्न : विश्वकोश, विकिपीडिया किंवा एआयने दिलेले संदर्भ प्रबंधात द्यावेत का? आणि मूळ पुस्तक मिळालं नाही तर?

विश्वकोश हे तृतीयक साधन, दुय्यम साधनांचं सार. मराठी विश्वकोशासाठी मूळ पिंपळनेरच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी केलेलं काम थोर आहे. विषयात शिरायला त्याच्याइतका चांगला दरवाजा मराठीत नाही. पण दाखला विश्वकोशाचा न देता नोंदीखालच्या ग्रंथांपर्यंत जा. विकिपीडियाचंही तेच, तळटीपा वापरा.

एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ खोटा आहे असं धरून तपासा. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि पेपर अस्तित्वातच नाही, असं सर्रास घडतं. पेपरचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, ‘१०.’ ने सुरू होतो. तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून तोच पेपर उघडतो का बघा. पेपर उघडला तरी वर ‘मागे घेतला’ अशी सूचना आहे का तेही बघा. लस आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा पेपर ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ साली छापला गेला आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. तरीही त्याच्या जुन्या प्रती आजही फिरताहेत.

मूळ मिळालंच नाही तर ते वाचल्यासारखं दाखवू नका. मजकुरात मूळ लेखकाचं नाव घ्या, पुढे ‘अमक्यांच्या ग्रंथात उद्धृत’ असं लिहा आणि संदर्भसूचीत फक्त तुमच्या हातातल्या पुस्तकाची नोंद करा, पृष्ठ क्रमांकासह. दुसऱ्याच्या सूचीतून नोंद उचलली की त्याची छपाईची चूकही तशीच उतरते. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमकं तेच पान उघडायला सांगतात.